सेकंडहँड एअर पिस्तूल घेताय? माझे १,३४,७०० गेले, आधी हे वाचा

लाज वाटतेय लिहायला, पण मला ते विकणारा माणूस अजूनही शूटिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माल टाकतोय म्हणून लिहितो.

पोरगा १० मीटर एअर पिस्तूल करतो. २०२४ ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्रॉन्झ घेतलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवीन इंपोर्टेड पिस्तूल झेपणारं नव्हतं, ह्याने जर्मन मेकचं १,१५,०००ला सांगितलं. यूपीआयची लिमिट लाखाची म्हणून पहिल्या दिवशी १,००,००० आणि दुसऱ्या दिवशी १५,००० टाकले, वर कुरिअरचे १,२००. म्हणजे विचार करायला अख्खी एक रात्र होती माझ्याकडे!

व्हिडिओ कॉलवर पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरला एक स्टिकर गुंडाळलेला दिसला होता. मी विचारलं पण होतं. "रेंजचा नंबर आहे दादा, काढला तर गम राहतो." आणि मी गप्प बसलो. तो क्षण आठवला की अजून झोप लागत नाही. त्याच स्टिकरखाली कोरलेलं होतं २०१३. या सिलिंडरचं आयुष्य १० वर्षं, त्यात २०० बार दाबाने हवा भरायची, आणि ते माझ्या पोराच्या हातात. स्टिकर काढून तारीख दाखवत नसेल तर फोन ठेवा.

पहिली वीस पेलेट (छर्रे) बरी जायची, मग मधूनच एखादं थेट सहाच्या काट्याला खाली. मी महिनाभर पोरालाच ओरडलो, ट्रिगरला जर्क मारतोस म्हणून. शेवटी कोचनी क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजायचं यंत्र, लावला, एक पेलेट १५२ मीटर सेकंदाला, पुढचं १२१. प्रत्येक शॉटला सारखा दाब देणारा रेग्युलेटर गेलेला. हाताचा दोष नव्हताच. घेण्याआधी क्रोनोवर सलग वीस-तीस शॉट मारून बघा, पाच नाही.

परत त्यालाच फोन केला, कारण पार्ट कुठे मिळतात हे आपल्याला कुठे माहीत. "माझा माणूस सील बदलून देईल", १८,५०० अ‍ॅडव्हान्स. बारा दिवसांनी पिस्तूल आलं. स्क्रू ढिला होतोय का बघायला मी आधीच व्हाइटनरचा ठिपका दिला होता, अर्धा स्क्रूवर अर्धा बॉडीवर, तो तसाच जुळलेला. उघडलंच नव्हतं. त्या दिवसापासून नंबर बंद.

पोलीस ठाण्यात 'पिस्तूल' म्हटल्यावर पहिला प्रश्न, लायसन्स कुठाय. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये २० ज्यूलच्या आतल्या आणि ४.५ मिमीच्या एअर गनला लायसन्स लागत नाही हे मोबाईलवर दाखवण्यात दोन तास गेले, फिर्यादी मी आणि झडती माझीच. मग साहेब म्हणाले माल मिळाला ना, सिव्हिल मॅटर आहे. अहो, भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम आहे ना फसवणुकीचं? सायबर हेल्पलाइनला, १९३० वर फोन लावला, तक्रार नंबर मिळाला, पुढे काही नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. पिन मी टाकला म्हणून तो चोर नाही का?

सर्व्हिसला देताना आतल्या भागाचा फोटो मागा, जुने सील परत मागा. पैसे नेटबँकिंगने, पावतीवर सिरियल नंबर. त्याचा जुना डीपी आणि यूपीआय आयडीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, ज्यांचा सौदा चालू आहे त्यांनी मेसेज करा, पाठवतो. पोरगा सध्या कोचच्या पिस्तुलावर प्रॅक्टिस करतोय, ग्रिप त्याला मोठी पडते.