नळ गळतोय: पाना आपण उचलायचा की प्लंबरला बोलवायचं?

स्वयंपाकघरातला नळ टपटपायला लागला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, वायसरचं तर काम आहे, त्याला कशाला प्लंबर? दुसरा म्हणतो, हात लावू नका, आहे तेही बिघडवून ठेवाल. काम सोपं की अवघड यावर हा वाद घालण्यात अर्थ नाही. विचारायचं ते असं: काम फसलंच तर पाणी बंद करणारा कॉक आपल्या हाताशी आहे का, आणि तो खरोखर बंद होतो का? त्या कॉकच्या पुढचं काम आपलं. कॉकच्या मागचं, म्हणजे भिंतीतलं आणि तिथून गच्चीवरच्या टाकीपर्यंतचं, प्लंबरचं.

म्हणून पाना विकत घेण्याआधी घरातले कॉक फिरवून बघा. बेसिनखाली, कमोडमागे आणि गीझरखाली अँगल कॉक असतात, बाथरूमच्या भिंतीत बहुधा एक कन्सील्ड कॉक असतो, आणि अख्ख्या फ्लॅटचं पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह डक्टमध्ये (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) नाहीतर गच्चीवर. गच्चीची किल्ली कोणाकडे असते हेही आधीच विचारून ठेवा. रात्री अकराला वॉचमन जागा असतो, पण किल्ली सेक्रेटरींच्या घरात असते. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक क्षार धरून जाम होतो. हाताने फिरत नसेल तर पाना लावून जोर करू नका. तो बदलून घेणं हेच प्लंबरचं पहिलं काम समजा. खालच्या मजल्यावर राहत असाल तर जास्त जपा. टाकीपासून दर दहा मीटर खाली आलं की पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढतो. वरच्या मजल्यावरची जी चूक बादलीत मावते, ती खाली हॉलपर्यंत पोचते.

टपटपणारा नळ

हे काम घरी करण्यासारखं आहे. गळती किती आहे ते आधी मोजा: नळाखाली लिटरचा मग ठेवा. तो तासाभरात भरला तर दिवसाला 24 लिटर आणि महिन्याला 720 लिटर पाणी चाललंय. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत एवढा हिशेब पुरे.

कॉक बंद करा, नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या आणि बेसिनचं भोक फडक्याने बंद करा, नाहीतर बारीक स्क्रू हमखास त्यातूनच जातो. नळाच्या डोक्यावरची टोपी नखाने किंवा सुरीच्या टोकाने उचका, स्क्रू काढा, मूठ वर ओढा. आतल्या नटाला कापड गुंडाळून मगच पाना लावा, म्हणजे पॉलिशवर ओरखडे येत नाहीत. जुन्या, खूप आटे फिरवाव्या लागणाऱ्या नळात स्पिंडलच्या, म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या दांडीच्या, टोकाला काळा रबरी वायसर दिसेल. त्यावर गोल खाच पडलेली असेल तर दुखणं तिथेच आहे. अर्ध्याच पिळात उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं आणि ते अख्खंच बदलतात. फोटोवर विसंबू नका, काढलेला तुकडाच हार्डवेअरच्या दुकानात न्या. लांबी, आटे आणि मुठीखालचे दाते कंपनीगणिक वेगळे असतात.

धार बारीक झाली असेल तर बहुतेक वेळा दोष नळाचा नसतोच. तोंडावरची जाळी काढून लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर ठेवा. बोअरवेलचं पाणी असेल तर हे दर दोन-तीन महिन्यांनी करावंच लागतं.

अख्खा नळ बदलायचा असेल तर

इथे मात्र इमारतीचं वय बघा. जुन्या इमारतीत भिंतीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप असतो. बाहेरून नळ चकचकीत, आत निपल (नळ आणि पाइप जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा) गंजून कागदासारखी झालेली. नळ फिरवायला गेलं की निपल भिंतीतच मोडते. मग टाइल फोडा, आटे काढा, आणि तोवर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद ठेवून घरच्यांची बोलणी खा. अशा घरात नळ बदलण्यासाठी प्लंबरच बोलवा. मोडलेली निपल काढायची हत्यारं त्याच्याकडे असतात, आपल्याकडे नसतात.

क्रीम रंगाचा सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचा, पाइप असलेल्या नव्या घरात धोका वेगळा आहे: आपण फार कसतो. टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळून नळ जोराने आवळला की भिंतीतलं फिटिंग चिरतं, आणि ती चीर कळते ती पलीकडच्या खोलीत ओल आल्यावर. टेप आट्याच्या दिशेने गुंडाळायची, आणि शेवटचा अर्धा पीळ हळू द्यायचा. एवढा हात बसला असेल तर स्वतः करा, नसेल तर पैसे द्या.

फ्लश टँक

बाहेर दिसणारी प्लॅस्टिकची टाकी असेल तर बिनधास्त उघडा. टाकीत खायचा रंग घाला, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर तळाचा वायसर गेलाय. टाकीतलं पाणी वर चढून ओव्हरफ्लोच्या नळीतून सारखं वाहून जात असेल, तर बॉल, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता व्हॉल्व्ह, नीट बंद होत नाहीये. दोन्हींचे सुटे भाग सहज मिळतात. भिंतीत बसवलेल्या टाकीच्या वाटेला मात्र जाऊ नका. सगळं काम बटणाच्या पट्टीमागच्या छोट्या खिडकीतून करावं लागतं आणि सुटे भाग त्या-त्या कंपनीचेच चालतात. तिथे नाक्यावरच्या प्लंबरपेक्षाही कंपनीचा माणूस बरा.

तुंबलेलं पाणी

सिंक तुंबलं तर खाली बादली धरून बॉटल ट्रॅप (सिंकखालचं बाटलीसारखं भांडं) हाताने उघडा, भाताचा-चहाचा गाळ काढा, वायसर नीट बसवून परत लावा. बाथरूममध्ये जाळी उचलून केसांचा गुंता काढला की निम्मी कामं होतात. उरलेल्यांसाठी रबरी पंप.

दुकानातली कॉस्टिकची पावडर सगळ्यात शेवटी वापरा. ती पाण्यात पडली की उष्णता होते. तिनेही पाइप मोकळा झाला नाही तर ते पाणी आतच थांबतं आणि उघडणाऱ्याच्या हातावर येतं. प्लंबरला बोलवलंत तर पावडर टाकल्याचं आधी सांगा. टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नको, क्लोरीन वायू तयार होतो.

बेसिनमध्ये ओतलेलं पाणी बाथरूमच्या जाळीतून वर येत असेल, किंवा खालच्या मजल्यावरही तुंबलं असेल, तर दोष मुख्य लाइनमध्ये किंवा चेंबरमध्ये आहे. हे काम एकट्या तुमच्या खिशातून करायचं नाही, सोसायटीला कळवा. आणि गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला कोणी तयार झाला तरी हो म्हणू नका. 2013 च्या कायद्याने माणसाकडून अशी धोकादायक सफाई करून घ्यायला बंदी आहे. यंत्राची गाडी मागवायची.

छतावरची ओल

इथे तुमचं काम फक्त निरीक्षणाचं. डाग बारा महिने तेरा काळ ओला असेल तर दाबाच्या, म्हणजे नळांना पाणी पुरवणाऱ्या, पाइपावर संशय. वरच्यांच्या आंघोळीनंतर वाढत असेल तर त्यांच्या बाथरूमचा ट्रॅप किंवा टाइलमधल्या फटी. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत. हे आठवडाभर टिपून ठेवलंत तर प्लंबर योग्य जागी टाइल फोडतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) बाहेरच्या सामाईक पाइपांची, ड्रेनेजची आणि पावसाची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, फ्लॅटमधल्या संडास-सिंकच्या गळतीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. वरच्या मजल्यावरच्या काकांशी भांडण्याआधी हे वाचून जा.

गीझर

हात लावू नका. पाणी आणि वीज एकत्र आहे. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडणं हा बिघाड नाही, ते तोंड बुजवणं धोक्याचं. पाणी सतत वाहत असेल तर स्विच बंद करून माणूस बोलवा.

कोणता प्लंबर?

ॲपवरून येणाऱ्याचा दर आधी कळतो, पावती मिळते, ठरलेल्या कामापुरता तो चांगला. पण जुन्या जीआय लाइनचं घर असेल तर मी सोसायटीचा नेहमीचा माणूसच निवडेन. कोणत्या डक्टमधून कोणाची लाइन गेलीय हे त्याच्या डोक्यात असतं. आपल्या शहरांमध्ये तो अनेकदा ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातला असतो, प्लंबरांसाठी तो भाग देशभर ओळखला जातो. तो गावी गेला की महिनाभर फोन लागत नाही, म्हणून दुसरा नंबर हाताशी असू द्या. नाक्यावरचा स्वस्त पडतो, पण काम बिघडलं तर तो पुन्हा सापडेल याची खात्री नाही.

कोणीही आला तरी मजुरी आणि सामान वेगवेगळं बोलून घ्या. एका नळासाठी बोलवू नका, चार बारीक कामं साठवून एका फेरीत करून घ्या. एम-सील (भेग बुजवायची लांबी) लावून "झालं" म्हणणाऱ्याला थांबवा, तो रात्र काढण्याचा उपाय आहे. काम संपल्यावर कॉक पूर्ण उघडून दहा मिनिटं थांबा, प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा, आणि तो कोरडा राहिला तरच पैसे द्या.