गोधडीचं कापड: आधी धुवावं की कोरंच शिवावं?

कोऱ्या सुती कापडात खळ असते. त्यामुळे ते ताठ राहतं, चौकोन नेमके कापले जातात, कडा सुटत नाहीत. मशीनवर तुकडे जोडायचे असतील आणि सगळं कापड एकाच जातीचं असेल, तर कोरं चालतं. पहिल्या धुण्यात सगळं मिळून आटतं आणि टाक्यांभोवती बारीक चुण्या पडतात. अनेकांना त्या आवडतातही.

हातानं धावदोरा घालायचा असेल तर मात्र धुतलेलंच घ्यावं. खळीच्या तीन-चार थरांतून सुई ओढताना बोटं दुखतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या गोधडीत जुनी साडी आणि नवं अस्तर एकत्र येतं. साडी आधीच आटलेली असते. नवं सुती कापड साधारण ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे २ मीटरला ६ ते १० सेंटीमीटर. मग अस्तर आखडतं आणि वरची साडी फुगते. ते नंतर उसवल्याशिवाय सुधारत नाही.

लाल, गडद निळं, काळं कापड ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. डाग उतरला तर ते वेगळं धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होईलच याची खात्री नाही.

धुताना कापड अख्खं ठेवा, कडांना झिगझॅग मारा, सावलीत वाळवा आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करा. कापलेले छोटे तुकडे धुवू नयेत. त्यांचे धागे सुटून माप जातं.