'डस्टी इन मेम्फिस': आठ महिने ऐकल्यावर, नागपूरच्या उन्हाळ्यासकट

डस्टी स्प्रिंगफील्ड या गायिकेचा हा अल्बम पहिल्या ऐकण्यात बहुतेकांना फिका वाटतो. 'सन ऑफ अ प्रीचर मॅन' तेवढं लगेच पकडतं, कारण 'पल्प फिक्शन' या सिनेमामुळे ते कानावरून गेलेलं असतं. बाकीची दहा गाणी संथ, व्हायोलिनांनी वेढलेली, आणि गाणारी बाई सहसा गळा मोकळा सोडत नाही. फेब्रुवारी ते सप्टेंबर एलपी, सीडी आणि मोबाईल अशा तिन्ही तऱ्हांनी ऐकल्यावर मत पार पालटलं आहे. तो राखून धरलेला गळाच या अल्बमची कमाई आहे. मात्र तो ऐकू यायला खोली, यंत्र आणि वेळ तिन्ही जुळावं लागतं, आणि नागपुरात ते जुळवावं लागतं.

थोडी पार्श्वभूमी. डस्टी स्प्रिंगफील्ड (१९३९–१९९९) लंडनची. 'द स्प्रिंगफील्ड्स' या लोकगीतं गाणाऱ्या त्रिकुटातून ती पुढे आली, १९६३च्या अखेरीस एकटीने पॉप गाऊ लागली, आणि ओढ सगळी अमेरिकन सोलची, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चगाण्यातून आलेल्या संगीताची. १९६८ मध्ये ॲटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने तिला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या अमेरिकन साउंड स्टुडिओत नेलं. निर्माते तिघे: जेरी वेक्सलर, टॉम डाउड, आरिफ मार्डिन. (हेच मार्डिन पुढे २००२ मध्ये नोरा जोन्सच्या पहिल्या अल्बमचे निर्माते होते, तो आवडणाऱ्यांना इथली नरमाई ओळखीची वाटेल.) गिटारवर रेजी यंग, ड्रम्सवर जीन क्रिसमन, मागे साथीला गाणाऱ्या 'द स्वीट इन्स्पिरेशन्स' या गटाच्या बायका. एवढा सरंजाम असून मेम्फिसमध्ये तिच्याकडून गाणं झालं नाही. अल्बमवरचा तिचा आवाज नंतर न्यूयॉर्कमध्ये भरला गेला. हे ठाऊक असलं की ऐकण्यात फरक पडतो. ठेका आधीच पक्का बसलेला आहे आणि ती त्याच्याशी चढाओढ न करता किंचित मागे रेलून गाते. १९६९ मध्ये अमेरिकेत हा अल्बम ९९व्या क्रमांकाच्या वर सरकला नाही. २००१ मध्ये तो ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आता खोलीचं. विदर्भात एप्रिल ते जून कूलरशिवाय राहता येत नाही, आणि या अल्बमचा सगळ्यात मोठा शत्रू तोच. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर सुरू असताना त्याची घरघर नेमकी तिच्या श्वासांवर आणि ओळीच्या शेवटच्या विरत्या स्वरांवर बसते. मग माणूस आवाज वाढवतो, आणि गाणं बिघडतं: ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि तंतुवाद्यं अंगावर येतात, तिचा आवाज होता तिथेच राहतो. मे महिन्यात रात्री अकरापर्यंत स्लॅब गरम असतो, म्हणून कूलर बंद ठेवण्याजोगी वेळ एकच, पहाटे साडेचार ते सहा. नवतप्यातही या दीड तासात हलक्या आवाजात सगळं ऐकू येतं. दुपारी वेगळ्या खोलीत कूलर लावून दार लोटून घेणं हा दुसरा उपाय, पण पंप त्याच बोर्डावर असेल तर तो चालू-बंद होताना स्पीकरमध्ये 'टक' येतो. ॲम्प्लिफायरला वेगळा बोर्ड द्यावा.

या शांततेत पहिलं उलगडतं ते 'जस्ट अ लिटल लव्हिन''. दोन मिनिटं अठरा सेकंदांचं गाणं, पण ओळ संपवताना ती स्वर तोडत नाही, हवेत सोडून देते. पुढे 'आय डोन्ट वॉन्ट टू हिअर इट एनीमोर', गीत-संगीत रँडी न्यूमनचं. लाकडी इमारत, लहान खोल्या, आणि भिंतीपलीकडून शेजाऱ्यांची कुजबुज येते की त्याचं हिच्यावर प्रेम नाही. चाळीत वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. दुसरी एखादी गायिका इथे आक्रोश करती. डस्टी कुजबुज ऐकणाऱ्या बाईसारखीच दबकत गाते. पूर्ण अल्बममधलं सर्वोत्तम गाणं हेच, 'प्रीचर मॅन' नव्हे. 'प्रीचर मॅन' आधी सोल गायिका अरीथा फ्रँकलिनसाठी सुचवलं गेलं होतं, तिने ते नंतर गायलं. तिचं ऐकताना चर्चमध्ये उभं असल्यासारखं वाटतं. डस्टीचं म्हणजे मनात जपलेली चोरटी आठवण. दोन्ही लागोपाठ ऐकावीत.

'ब्रेकफास्ट इन बेड' आणि 'नो ईझी वे डाउन' तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुरतात. न मुरलेलं एकच: 'इन द लँड ऑफ मेक बिलीव्ह'. बाकाराक-डेव्हिड या संगीतकार-गीतकार जोडीची रचना सुबक आहे, पण तिचा आवाज तिथे इतका वर नेऊन पातळ केलाय की बाकीच्या गाण्यांतली ऊब निघून जाते. 'द विंडमिल्स ऑफ युअर माइंड'बद्दल ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. मिशेल लग्राँचं ते सिनेमातलं गाणं मेम्फिसच्या ढंगाचं अजिबात नाही, ही तक्रार खरी. तरी ते वगळू नये. हळू सुरू होऊन ज्या तऱ्हेने ते चढत जातं, त्यात तिचा ताबा कळतो.

एलपी घेणाऱ्यांसाठी: पहिली बाजू साधारण साडेचौदा मिनिटं, दुसरी एकोणीस. दुसरीच्या शेवटी 'आय कान्ट मेक इट अलोन'मध्ये आवाज चढतो आणि नेमकी तिथेच सुई सगळ्यात आतल्या वळणांवर असते. आत खोबणीचा (सुई जिच्यातून फिरते त्या चरीचा) वेग कमी, त्यामुळे तीच कंपनं दाटीवाटीने कोरलेली. गोल टोकाची सुई त्यांत नीट उतरत नाही आणि 'स', 'श' चरचरतात. रेकॉर्ड खराब आहे असं समजून परत करू नका, आधी सुई बघा. लंबगोल टोकाची हवी. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई हे कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल तर सुईचा भार २ ग्रॅम: अँटीस्केटिंग (आर्मची आत ओढ तोलणारी कळ) शून्यावर आणा, मागचं वजन फिरवत आर्म, म्हणजे सुईचा दांडा, आडवा तरंगू द्या, वजन हलू न देता फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणा, मग वजन २ पर्यंत फिरवा, अँटीस्केटिंगही २. रेकॉर्ड वाचवायला भार सव्वा ग्रॅमवर आणणारे पुष्कळ आहेत. त्याने सुई उड्या मारते आणि खोबण उलट जास्त झिजते. अमेरिकेतून आलेला जुना, तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेचा प्लेअर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २८ फेरे घेतो. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. त्याला ५० हर्ट्झची पुली लागते. डस्टी पुरुषी आणि सुस्त वाटली तर आधी हे तपासा.

धुण्यासाठी बोअरचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खोबणीत बसतात आणि फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर (ॲसिडची बाटली नव्हे, लेबल वाचा) आणि त्यात साधारण दहा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे मिश्रण घरातल्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डना (तव्यांना) लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते. ठेवायचं कायम उभं, माळ्यावर कधीच नाही, आणि उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटंही नाही. तिथे तापमान ६० अंशांच्या आसपास जातं आणि व्हायनल (एलपीचं प्लास्टिक) वाकतं. पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्याने बदला.

सीडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती चरचरत नाही, आणि कूलरच्या मोसमात तीच सोयीची. ऱ्हायनो कंपनीची १९९९ची आवृत्ती पंचवीस गाण्यांची आहे, मोबाईलवरही बहुधा तीच समोर येते. जास्तीच्या चौदांत चांगली गाणी आहेत, पण ती वेगळ्या वेळची, वेगळ्या निर्मात्यांची. लागोपाठ वाजली की तेहतीस मिनिटांत बांधलेला ताण सैल पडतो. मोबाईलवर अकरा गाण्यांची स्वतंत्र यादी करावी, आपोआप पुढचं वाजवण्याची सोय बंद करावी आणि बेस वाढवणारा पर्याय काढून टाकावा. एकाच छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर तंतुवाद्यं आणि आवाज एकमेकांत गोळा होतात. त्यापेक्षा साधे वायरचे इयरफोन बरे.