फुकटचा क्रेडिट रिपोर्ट चारही ठिकाणचा काढला, फोंड्याहून अनुभव

घराचं छप्पर बदलायला कर्ज पाहिजे होतं, पावसाआधी कौलं काढायची म्हणून गेल्या मे महिन्यात बँकेत गेलो, तर तिथला ओळखीचाच माणूस स्क्रीनकडे बघून म्हणतो, तुझा सिबिल कमी दाखवतोय रे, काय गडबड केलीस? मी आयुष्यात एक हप्ता चुकवलेला नाही, म्हणजे मला तरी तसंच वाटत होतं.

घरी येऊन रिपोर्ट काढले. बऱ्याच जणांना वाटतं सिबिल म्हणजे सरकारी खातं, पण ती लोकांच्या कर्ज-हप्त्यांची नोंद ठेवून स्कोअर देणाऱ्या चार कंपन्यांतली (ह्यांनाच ब्युरो म्हणतात) एक, बाकीच्या एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०१७ पासून प्रत्येकीने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यायचाच. पॅन, मोबाईल, ओटीपी, झालं. एका साइटवर मात्र फुकटची लिंक शोधण्यात दहा मिनिटं गेली, महिन्याचा प्लॅन मोठ्या अक्षरात आणि ही बिचारी खाली कोपऱ्यात, जत्रेत खाज्याची दुकानं पुढे आणि देऊळ मागे तसं. आणि हो, आपला आपण रिपोर्ट बघितला तर स्कोअर कमी होत नाही, कर्जासाठी चार ठिकाणी अर्ज टाकत सुटलात तर होतो.

आता आत काय सापडलं. २०२३ च्या चवथीला दुकानातून हप्त्यावर फ्रिज घेतलेला, दहा हप्ते, सगळे भरले, कर्ज फिटल्याचं पत्र, म्हणजे एनओसी, फाइलमध्ये आहे. दोन रिपोर्टांत ते खातं बंद दाखवतं आणि उरलेल्या दोघांत अजून चालू, वर ५९० रुपये थकीत! कसला चार्ज ते मला कोणी कळवलंच नव्हतं. महिन्यांच्या चौकटीत ०००, ००० असं छान चाललेलं, मग एकदम ०३०, ०६०, ०९०, म्हणजे इतके दिवस उशीर. नुसता स्कोअर बघितला असता तर हे कधीच कळलं नसतं. शिवाय एकीकडे आमचं नाईक दोन स्पेलिंगात, एक नेहमीचं आणि एक जुन्या लायसन्सवरचं पोर्तुगीज वळणाचं, शेवटी क्यू-यू-ई वालं 😄

डिस्प्यूट, म्हणजे रिपोर्टातल्या चुकीची तक्रार, ऑनलाइन टाकता येतो, फुकटच आहे, पण ब्युरो स्वतः काही बदलत नाही, तो कर्ज देणाऱ्याला विचारतो. पहिल्यांदा उत्तर आलं की माहिती बरोबर आहे, विषय संपला. डोकं फिरलं. मग त्या फायनान्सवाल्यांच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्याला, एनओसी जोडून मेल केला आणि परत डिस्प्यूट टाकला. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर पुढे रोजचे १०० रुपये भरपाई मिळते असा नियम आहे, आमचं काम चोविसाव्या दिवशी झालं म्हणजे ते पण गेले. तेवढ्यात पाऊस आला, छपरावर निळी ताडपत्री. झालं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार होतो, ब्युरोंची तक्रार पण तिथे चालते.

रिपोर्टला माझ्याकडून पाचात चार, डिस्प्यूटला दोन, ते पण रडतखडत. पैसे भरून प्लॅन घ्यायची गरज मला वाटली नाही. कोणी कर्जवाल्याने आपला रिपोर्ट उघडला की मेसेज किंवा मेल यायलाच पाहिजे असा नियम आता आहे, तेव्हा पहिल्या वर्षी चारही एकदम काढा, कारण चूक दोघांतच असू शकते, आणि मग पुढच्या वर्षापासून तीन-तीन महिन्यांनी एकेक.

हौसेने बाबांचा पण काढला, तर स्कोअरच्या जागी आकडाच नाही. ते घाबरले. जन्मात कधी कर्जच घेतलं नाही तर येणार कुठून.