अश्वगंधा, कूलर, योग की घड्याळ? पाळी जाताना झोपेसाठी काय निवडावं

चैत्रातली रात्र. पावणेतीनला धाकट्या जाऊबाईचा मेसेज आला, "अक्का, जाग्या आहात का?" जागीच होते. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांचा हा जागरणाचा गोंधळ देवाविनाच चालतो.

ती ४७ वर्षांची. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर बसते. वर्षभर पाळी कधी येते, कधी दोन-दोन महिने दांडी मारते. रात्री अंगातून वाफा निघतात, मानेखालची उशी ओली होते, मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचं. भिशीतल्या मैत्रिणीने अश्वगंधाची बाटली सुचवली होती. पुण्याची नणंद योगाच्या क्लासच्या मागे लागली होती. भाऊजी म्हणत होते, नवा कूलर आणू. "तिन्ही नाही जमायचं, एक काय ते सांगा," असा तिचा प्रश्न. मी त्यात चौथं एक घातलं, घड्याळ. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुतेक ते कुणी सुचवत नाही.

आधी झोप मोडते कशाने ते बघा

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ च्या आसपास होतं, म्हणजे पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधीच. झोपेची तक्रार मात्र त्याच्याही आधी, पाळी मागेपुढे व्हायला लागली की सुरू होते. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो. एरवी ज्या किंचित उष्णतेकडे शरीर ढुंकून बघत नाही, तेवढ्यावर तो घामाचे सगळे नळ उघडतो. प्रोजेस्टेरॉनही घटतं, आणि त्याला गुंगी आणणारा गुण असतो. तोही आधार गेला.

पण रात्री जाग आली म्हणजे दर वेळी वाफच कारण असते असं नाही. जाऊबाईला मी विचारलं, घामाने उठतेस की उठल्यावर घाम येतो? पडल्या पडल्या झोप लागत नाही, की लागलेली मोडते? घोरतेस का? संध्याकाळी पायांत वळवळ होऊन ते सारखे हलवावेसे वाटतात का? घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं पाळी गेल्यावर वाढतं, त्यावर चूर्णही चालत नाही आणि कूलरही. पायांची वळवळ पुष्कळदा अंगातल्या लोहाच्या कमतरतेने होते. तिथे हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी करायची, योगाचा क्लास नंतर. या दोन्हींत घरगुती उपायांवर सहा महिने घालवणं म्हणजे दुखणं पायात आणि पट्टी कपाळाला.

जाऊबाईचं उत्तर सरळ होतं. घामाने उठते, आणि उठल्यावर डोकं सुरू होतं, मुलीची फी, सासूबाईंचा मोतीबिंदू, उद्याची भाकरी. म्हणजे दोन आजार एकावर एक. हे ध्यानात ठेवा, पुढची सगळी निवड यावर ठरते.

कूलर की सुती कापड

सोलापूरचा एप्रिल-मे कोरडा. पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवेत ओल नसते, त्यामुळे पाण्याचा कूलर इथे खरंच काम करतो, मुंबईत करणार नाही. पण तोच कूलर जुलैत चिकचिक वाढवतो. तेव्हा त्याची पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा ठेवायचा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खरा शत्रू स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात मारला तर फरक जाणवतो. पूर्वी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचे, पण काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात हा सल्ला देऊन कोण शिव्या खाणार.

थंडाव्याने वाफा कमी होतात का? तसा पुरावा नाही. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोनखेरीज असलेल्या उपायांचा आढावा घेतला, त्यात गारवा करणं हा वाफांवरचा उपाय म्हणून शिफारशीत नाही. मग मी तो का धरते? कारण वाफ आल्यानंतर परत झोपायला किती वेळ लागतो, हे अंथरुणावर ठरतं. ओल्या पॉलिस्टरच्या गाऊनमध्ये तासभर जातो, कोरड्या सुती कापडात माणूस दहा मिनिटांत परत डोळा लावू शकतो.

इथे आपल्या गावाचीच वस्तू कामाला येते. सोलापुरी चादर नव्हे, ती जाड आणि जड, या दिवसांत कपाटातच बरी. टर्किश टॉवेल घ्या. एक उशीवर, एक पाठीखाली, आणि दुसरी जोडी हाताशी. घाम आला की ओला टॉवेल खाली टाकायचा, कोरडा ओढायचा, दिवा न लावता. पूर्ण चादर बदलायला उठलं की झोप गेलीच. पांघरायला जुनं सुती लुगडं दुहेरी करून. उन्हाळ्यात शहाबादी फरशीवर पातळ सतरंजी घालून झोपणाऱ्या आपल्या आज्या काही वेड्या नव्हत्या. गुडघे कुरकुरत असतील तर मात्र तो हट्ट नको.

कूलरला सात-आठ हजार, टॉवेलांना काही शेकडे. मी आधी टॉवेल घेईन.

बाटली, दूध, जायफळ

अश्वगंधा बिनकामाची नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. २०२१ मध्ये पाच चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा झोपेत थोडी पण खरी सुधारणा दिसली. थोडी, हा शब्द महत्त्वाचा. त्या चाचण्या लहान होत्या, आणि त्या पाळी जाण्याच्या काळातल्या बायकांसाठी खास केलेल्या नव्हत्या. दुसरी बाजू अशी की ती थायरॉईडचं हार्मोन वाढवू शकते आणि यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. जाऊबाई सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेते. म्हणजे तिच्यापुरता प्रश्न मिटला. "अहो पण आयुर्वेदिक आहे की," ती म्हणाली. आयुर्वेदिक आहे म्हणूनच तिच्यात औषध आहे, आणि औषध आहे म्हणूनच ती डॉक्टरांना दाखवूनच घ्यायची.

मेलाटोनिनच्या गोळ्याही दुकानात 'नैसर्गिक' म्हणून मिळतात. पण तो एक हार्मोनच आहे. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्येच निद्रानाशासाठी मेलाटोनिन आणि व्हॅलेरियन दोन्ही न वापरण्याकडे कल दिला होता. सोयाबीनबद्दल अभ्यास एकमेकांशी भांडतात. भाजीत खावंसं वाटलं तर खा, झोपेसाठी म्हणून नको.

कोमट दुधात चिमूटभर जायफळ चालेल. चिमूटच, कारण जास्त झालं की त्यातल्या मिरिस्टिसिनने भ्रम, धडधड, उलट्या होतात. आणि दूध तासभर आधी, नाहीतर दोन वाजता लघवीला उठणार.

काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळणं मला स्वतःला फार आवडतं. वाटीचा धातू काय करतो ते सोडा. पाय कोमट झाले की रक्त कातडीकडे येतं, शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप येणं सोपं होतं, हे मात्र खरं आहे. याच कारणाने झोपण्याआधी एक-दोन तास केलेली ४० ते ४२.५ अंशांची कोमट आंघोळ झोप साधारण नऊ-दहा मिनिटं लवकर आणते असं २०१९ च्या एका आढाव्यात दिसलं. मे महिन्यात सोलापुरात हा प्रयोग करू नका. थंडीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, करून बघा.

आणि काढून टाकायच्या दोन गोष्टी. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगात असतं. दुसरी मिश्री. निजण्याआधी दातांना मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायका आपल्या गल्लीत आहेत आणि त्याच सकाळी म्हणतात झोप नाही. तंबाखू मेंदूला जागं करतो. बाटली विकत घेण्याआधी ही डबी बंद करा.

योग की चालणं

यात मी फार वेळ घालवत नाही. अमेरिकेत पाळी जाण्याच्या काळातल्या बायकांवर बारा आठवड्यांचा अभ्यास झाला, त्यात योग आणि व्यायाम दोन्हींनी वाफा कमी झाल्या नाहीत, निद्रानाशात थोडासा फायदा झाला. दोघांत पायरीभरही फरक धरावा असं मला वाटत नाही. जे टिकेल ते करा. जाऊबाईचा क्लास संध्याकाळी साडेसातला, घरातून निघायलाच तिला साडेआठ होतात, म्हणजे तो महिन्याभरात सुटणार. सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे अर्धा तास चालणं टिकेल, शिवाय सकाळचा उजेड डोळ्यांना मिळतो आणि अंगातलं घड्याळ त्याच्यावरच लागतं. रात्री भ्रामरी, शवासन करायला हरकत नाही.

घड्याळाचा उपाय

आता ज्याची कुणी जाहिरात करत नाही ते. याला सीबीटी-आय म्हणतात, निद्रानाशासाठी वागण्याची आणि विचारांची सवय बदलणारा उपचार. २०१६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेने जुनाट निद्रानाशात गोळ्यांच्याही आधी हाच द्यावा असं सांगितलं. त्याच वर्षी सिॲटलकडच्या एका चाचणीत वाफा येणाऱ्या १०६ बायकांना तो चक्क फोनवरून दिला, आठ आठवड्यांत सहा वेळा. निद्रानाशाचे गुण २८ पैकी मोजतात. उपचार घेतलेल्यांचे ९.९ ने उतरले, नुसती माहिती दिलेल्यांचे ४.७ ने. चार महिन्यांनंतरही फायदा टिकून होता.

करायचं काय? आठवडाभर वहीत लिहा, किती वाजता पडलात, अंदाजे किती झोपलात, कधी उठलात. जाऊबाई रात्री दहाला पडायची, सहाला उठायची, झोप भरायची साडेपाच तास. अडीच तास नुसती लोळण. अंथरुण म्हणजे काळजी करायची जागा, हे मेंदूने तिथेच शिकून घेतलं. म्हणून पुढचे दोन आठवडे अंथरुणावर फक्त साडेपाच तास, बाराला जायचं, साडेपाचला उठायचं, रविवारीसुद्धा. साडेपाच तासांपेक्षा कमी करायचं नाही. मध्ये जाग येऊन वीसेक मिनिटं झाली असं वाटलं, की उठून दुसऱ्या खोलीत. घड्याळ बघायचं नाही, मोबाईल तर नाहीच. शेंगा सोला, लसूण सोला, पेंग आली की परत. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोपेत जायला लागली की पंधरा मिनिटं आधी पडायचं, आणि दर आठवड्याला असंच पुढे.

पहिले दहा-बारा दिवस वाईट जातात. दुपारी डोळे मिटतात. शिलाई मशीन आणि स्कूटी, दोन्हींकडे नीट लक्ष द्यायला तिला बजावलं. फिट येणाऱ्या किंवा बायपोलर आजार असलेल्या बाईने झोपेची ही कपात एकटीने करायची नाही, त्याने आजार भडकू शकतो. मदत लागलीच तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जाता येतं. 'वेड्याचा डॉक्टर' म्हणून लाजायचं वय आता सरलं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबरही मोफत आहे.

आणि वाफाच इतक्या असतील की रात्रीतून पाच-सहा वेळा उठावं लागतं, तर हार्मोनच्या उपचाराचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन करायला लाजू नका. वाफांवर तोच सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे. स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या बायकांना तो सहसा देत नाहीत. एका मोठ्या अमेरिकी पाहणीत निम्म्या बायकांना वाफांचा त्रास सात वर्षांहून जास्त होता, त्यामुळे 'सहन कर, जाईल' हा सल्ला किती वर्षांसाठी आहे ते देणाऱ्याला विचारा. बारा महिने पाळी बंद होऊन नंतर रक्त दिसलं तर मात्र यातलं काहीच न करता आधी दवाखाना.

मग जाऊबाईने काय घेतलं

टॉवेल चार, घड्याळाचा उपाय, सकाळचं चालणं. जुन्या कूलरचं गवत बदललं. अश्वगंधाची बाटली सील न फोडता भिशीतल्या मैत्रिणीला परत गेली. तिला थायरॉईड नाही, तरी डॉक्टरांना दाखव म्हणून सांगितलं.

भाऊजी पहिल्या आठवड्यात वैतागले, रात्री बारापर्यंत स्वयंपाकघरात दिवा कशाला म्हणून. पाचव्या आठवड्यात तिची झोप सहा तासांपाशी आली. वाफा तेवढ्याच येतात, पण आता टॉवेल ओढून ती परत झोपते. एकच अडचण राहिली. आमच्याकडे पाण्याची पाळी कधी रात्री दोनला येते, कधी चारला, आणि हंडे, टाकी भरायला उठतं घरातलं एकच माणूस. त्या रात्री ती वहीत वेळ लिहीत नाही. नुसतं 'नळ' लिहिते आणि ती ओळ हिशेबातून सोडून देते. परवापासून तिथे भाऊजींच्या अक्षरातही 'नळ' दिसायला लागलं आहे.