बाईकवर नेण्यासाठी घेतलेला टेंट: दिवाळीनंतरची थंडी, मे महिन्यातलं कोकण आणि आता पाऊस, सगळं बघून झाल्यावर

बाईकसाठी टेंट घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो की वजनाचा आकडा नंतर बघा, पॅक केल्यावर लांबी किती होते ते पहिलं बघा. ट्रेकरच्या पाठीवर अर्धा किलो वाढला की चढाला जाणवतो, आपलं ओझं बाईक उचलते, त्यामुळे दोन किलो काय आणि अडीच किलो काय, ताम्हिणी चढताना काही फरक पडत नाही. पण 60 सेंटिमीटर लांबीचं बाड सॅडल बॅगमध्ये, म्हणजे बाईकच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगेत, जातच नाही, मग ते मागच्या सीटवर आडवं बांधायचं, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं, अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की जीव त्याच्यातच, आणि एका बाजूने जरा खाली सरकलं की सायलेन्सर आहेच. पॉलिस्टर गरम सायलेन्सरला लागलं की भोकच पडतं, मग कितीही महाग टेंट असू दे.

ही लांबी कशामुळे ठरते तर पोलमुळे, म्हणजे टेंट ज्यांवर उभा राहतो त्या जोडायच्या काठ्यांमुळे. कापड कसंही दाबून बसतं, पोलचे तुकडे दबत नाहीत. स्वस्तातल्या टेंटमध्ये फायबरग्लासचे पोल असतात आणि त्यांचे तुकडे बरेचदा 55-60 सेंटिमीटरचे असतात, ॲल्युमिनियमच्या पोलमध्ये 38-40 सेंटिमीटरचे तुकडे मिळतात. आपल्याकडच्या बऱ्याच सॅडल बॅगा आतून 40 ते 45 सेंटिमीटर भरतात, म्हणजे पाच-सात सेंटिमीटरवर सगळा खेळ आहे. दुकानात जाताना टेप घेऊन जा आणि स्वतःच्या बॅगेचं आतलं माप आधी घ्या, बाहेरचं नको, पॅडिंगमध्ये दोन-तीन सेंटिमीटर जातात.

आणि ते हवेत फेकलं की आपोआप उघडतं ते पॉप-अप किंवा छत्रीसारखं उघडणारं ऑटोमॅटिक प्रकरण बाईकवाल्यांनी घेऊच नये. गोल घडीवालं मोठ्या परातीएवढं होतं, छत्रीवालं 70-80 सेंटिमीटर लांब. कारच्या डिकीत छान, बाईकवर ठेवायचं कुठे?

माझा टेंट दोन माणसांचा, डबल वॉल (आत जाळीचा टेंट आणि त्यावर वेगळं आवरण), फ्रीस्टँडिंग (स्वतःच्या पोलवर उभा राहणारा), 8.5 मिलिमीटरचे ॲल्युमिनियम पोल, फ्लाय म्हणजे ते बाहेरचं आवरण 210टी (ही विणीची घट्टता) पॉलिस्टरचा, पॅक केल्यावर साधारण 42 बाय 15 सेंटिमीटर, वजन सव्वादोन किलोच्या आसपास. 9 हजारांच्या थोडं आत मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि अगदी याच कापडाचे याच पोलचे टेंट वेगवेगळ्या लेबलखाली विकले जातात, लेबलपेक्षा आकडे बघून घेतलेलं बरं. आणि दोन माणसांचा म्हणजे एक माणूस अधिक सामान असं समजा. रायडिंग जॅकेट, गुडघ्याची पॅड असलेली पँट, बूट, हेल्मेट, टँक बॅग एवढं सगळं आत किंवा पुढच्या पडवीत यायला हवं. बूट रात्री बाहेर राहिले तर सकाळी झटकून बघितल्याशिवाय पाय घालू नका, विंचवाला अशी जागा फार आवडते. दोघं झोपणार असाल आणि दोघांचं गिअर असेल तर तीन माणसांचाच बघा, जोरजबरदस्ती करू नका.

थंडीत पहिला मोठा मुक्काम भंडारदऱ्याला झाला, धरणाच्या पाण्यापासून थोडं वर, एका काकांच्या वावराच्या कडेला, त्यांना विचारून. मी सपाट जागा बघून टेंट पसरायला घेतला तर काका म्हणाले, "दादा, तितं नका लावू, पहाटं गुरं त्याच वाटंनं पाण्यावर जात्यात." मग बांधाच्या पलीकडे लावला. पहाटे अंधारात गळ्यातल्या घंटा वाजवत सगळी गुरं बरोब्बर त्याच पट्ट्यातून गेली. टेंटच्या ताणाच्या दोऱ्या म्हशीला दिसत नाहीत, पायात अडकली तर टेंटपण जातो आणि म्हशीलापण इजा होते. तेव्हापासून मी नवीन जागेवर आधी माणूस शोधतो, मग जागा.

त्याच मुक्कामात डबल वॉलचे पैसे वसूल झाले. धरणाजवळ थंडीत दव इतकं पडतं की बाईकच्या सीटवरून पाणी ओघळतं. टेंटच्या बाहेरचं कापड गार पडतं, आत आपल्या श्वासाची वाफ असते, ती त्या गार कापडाला लागली की थेंब होतात. सिंगल वॉल टेंटमध्ये हे थेंब सरळ अंगावर, स्लीपिंग बॅग ओली, आणि लोक समजतात टेंट गळतो. डबल वॉलमध्ये जाळीतून वाफ बाहेर निघते, फ्लायच्या आतल्या बाजूला जमते आणि तिथूनच खाली ओघळते. सकाळी माझा फ्लाय दोन्ही बाजूंनी पिळून काढण्यासारखा होता आणि आतलं कापड कोरडं, फक्त पायाकडे जिथे स्लीपिंग बॅग कापडाला टेकली होती तिथे दमट लागलं. त्यामुळे उंच माणसांनी आतली लांबी नीट बघा, 210 सेंटिमीटर लिहिलेलं असलं तरी उतरत्या भिंतीमुळे तेवढी वापरता येत नाही. वरची छोटी हवेची खिडकी थंडी वाजते म्हणून बंद करायची नाही, कपडे वाढवा पण ती उघडी राहू दे. आणि पाण्याच्या अगदी काठाला लावू नका, गार हवा आणि दव दोन्ही खाली साठतं, पंधरा-वीस फूट वर गेलं तरी फरक पडतो.

वाऱ्याची परीक्षा चाळकेवाडीच्या पठारावर झाली, साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे, जिथे पवनचक्क्या आहेत. पवनचक्क्या जिथे उभ्या केल्यात तिथे वारा काय असणार हे वेगळं सांगायला नको. टेंटची बुटकी बाजू वाऱ्याकडे, दरवाजा उलट्या दिशेला, ताणाच्या सगळ्या दोऱ्या लावलेल्या. बरेच लोक त्या दोऱ्या पिशवीतून बाहेरच काढत नाहीत, पण वाऱ्यात टेंट तगतो तो त्या दोऱ्यांवर, पोल फक्त आकार देतात. इथे पहिली तक्रार. सोबत आलेले पेग, म्हणजे टेंट बांधायला जमिनीत ठोकायच्या मेखा, निव्वळ ॲल्युमिनियमच्या बारीक काड्या, सह्याद्रीच्या मुरमात दगडाने दोन ठोके घातले की वाकल्या. मी आता हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची खिळे आणून ठेवलेत, मोठ्या डोक्याचे, जड आहेत पण मुरमात सरळ जातात, आणि मऊ मातीसाठी वाय आकाराचे पेग वेगळे घेतले. निव्वळ कातळावर काहीच जात नाही, तिथे दोरीचा फास मोठ्या दगडाभोवती टाकायचा आणि त्यावर अजून एक दगड. म्हणूनच फ्रीस्टँडिंग टेंट हवा, जो पेग न मारताही स्वतःच्या पोलवर उभा राहतो. ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना हातात धरायच्या काठ्यांवर, उभे राहणारे टेंट वजनाला हलके असतात पण आपल्याकडच्या कातळावर आणि वाळूत त्यांच्यासाठी फार खटपट करावी लागते.

त्या रात्रीनंतर एक पोल किंचित वाकला, तुटला नाही. ॲल्युमिनियमचा हा मोठा फायदा, तो वाकून सांगतो. फायबरग्लास उभा चिरतो, त्याची कुसळं हातात जातात आणि चिरलेलं टोक फ्लायला भोक पाडतं. वाकलेल्या-तुटलेल्या पोलवर आधाराला सरकवायची छोटी नळी बहुतेक टेंटसोबत येते, ती घरी ठेवू नका, इन्सुलेशन टेपचं बंडल आणि ती नळी कायम टूलकिटमध्येच असू दे. पोल काढताना मधल्या जोडापासून घडी घालायची, म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण येतो.

कोकणात मे महिन्यात वेळणेश्वर, गुहागर बाजूला गेलो. बंद टेंटमध्ये मे महिन्यात कोकणात झोपणं अशक्य आहे, तिथे फ्लाय काढून नुसती आतली जाळी लावायची, डास बाहेर, वारा आत, वर चांदणं. फ्लाय हाताशी ठेवायचा कारण वळवाचा पाऊस विचारून येत नाही. ज्या टेंटचं आतलं कापड बहुतेक जाळीचं आहे तोच आपल्या हवेला चालतो, थंड देशांसाठी बनवलेले जाडसर कापडाचे इनर दिसायला भारी वाटतात पण आपल्याकडे वर्षातले आठ महिने उकडवतात. वाळूत पेग धरत नाही, तिथे कापडी पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधायची आणि फूटभर खोल पुरायची, हललेली बघितली नाही मी कधी. सुरूच्या झाडाखाली सावली छान मिळते पण वाळकी फांदी वर लटकत नाहीये ना बघा. बाईक वाळूत साइड स्टँडवर लावताना खाली चपटा दगड किंवा फळी ठेवा, नाहीतर रात्रीतून स्टँड रुततो, आणि बाईक टेंटपासून तिच्या उंचीपेक्षा जास्त लांब उभी करा. आणि वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवांच्या हंगामात वाळूवर टेंट नाहीच लावायचा, दिवे आणि माणसांच्या वावरामुळे पिल्लं भरकटतात, गावात घरगुती सोय असते तिथे राहायचं.

खारी हवा आणि वाळू, दोन्हीचा राग टेंटच्या चेनवर (झिपवर) निघतो. घरी आल्यावर चेन गोड्या पाण्याने धुवायची, जुन्या टूथब्रशने दात साफ करायचे, वाळल्यावर मेणबत्ती घासायची. माझ्या टेंटच्या बाहेरच्या चेनमध्ये तिच्यावरची पट्टी सारखी अडकते, ही दुसरी तक्रार, आणि ती काही जात नाही, एका हाताने पट्टी धरूनच ओढावी लागते.

आता पाऊस. बॉक्सवर लिहिलेलं 3000 मिलिमीटर म्हणजे त्या कापडावर 3 मीटर उंच पाणी उभं केलं तरी ते आत झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. आकडा चांगलाच आहे, पण पाणी कापडातून क्वचित येतं, ते येतं शिलाईतून. जूनमध्ये मुळशीकडे रात्रभर धो धो पडला, फ्लायमधून थेंब नाही, पण फ्लोअरच्या एका कोपऱ्यात जिथे तीन शिलाया एकत्र येतात तिथून ओल आली, सकाळी तिथे ठेवलेले मोजे ओले. शिलाईवरची टेप त्या कोपऱ्यात नीट चिकटलेलीच नव्हती. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगच्या कापडाला पीयूवालं सीम सीलर, म्हणजे शिलाई बुजवायचं चिकट द्रव्य, लागतं आणि सिलनायलॉनला (सिलिकॉन लावलेल्या नायलॉनला) सिलिकॉनवालं, उलट केलं तर सुटून येतं. मी आतून लावून दोन दिवस पंख्याखाली सुकवलं, त्यानंतर कोपरा कोरडा आहे.

टेंटखाली टाकायला मी जुना फ्लेक्स वापरतो, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, प्रिंटिंगवाल्याकडे खराब छपाईचे पडलेले असतात, मागितले तर देतो. ताडपत्रीपेक्षा पातळ घडी होते आणि काटे, खडी यातून फ्लोअर वाचतो. फक्त तो टेंटच्या मापापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार बोटं आत कापायचा. बाहेर आला की फ्लायवरून ओघळणारं पाणी त्याच्यावर पडून सरळ टेंटखाली जातं, आणि मग तुम्ही तळ्यात झोपलेले असता.

तिसरी तक्रार जरा मोठी आहे. हा टेंट आधी आतला उभा करायचा आणि मग वरून फ्लाय टाकायचा असा आहे, म्हणजे भर पावसात लावला तर जाळीतून आतलं सगळं आधीच भिजतं. यावर चांगला उपाय असा की गावातल्या देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या ओसरीत, विचारून, फ्लायसकट पूर्ण टेंट उभा करायचा आणि दोघांनी कोपरे धरून जागेवर नेऊन ठेवायचा. फ्रीस्टँडिंग असल्यामुळे हे जमतं. बरेचदा मंडळी म्हणतात कशाला बाहेर नेताय, इथेच झोपा की, तेव्हा तसंच झोपायचं, देवळात मच्छरदाणी म्हणून नुसती आतली जाळी झकास होते. पावसाळ्यातच जास्त फिरणार असाल तर मात्र फ्लाय आणि इनर एकत्र उभे राहतात असा टेंट शोधा, मी पुढचा तसाच घेणार आहे.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात किंवा धबधब्याच्या खाली पावसाळ्यात टेंट लावू नका, तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर घाटमाथ्यावर असतो आणि पाणी मिनिटांत येतं. किल्ल्यांवर आणि अभयारण्यात परवानगीचं आधी बघून जा.

बांधणीचं सांगायचं तर कंपनीच्या पिशवीत टेंट एकदाच बसतो, पहिल्यांदा. ओला असताना तर नाहीच. मी पोल वेगळे काढून टेल बॅगच्या खाली बांधतो आणि कापड सॅडल बॅगमध्ये, सायलेन्सरच्या उलट्या बाजूला, ओला फ्लाय वेगळ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्यात वर. घरी पोचलो की किती का वाजलेले असोत, टेंट दोरीवर पसरतो आणि मगच आंघोळ. ओला टेंट पिशवीत राहिला की बुरशी येते, आणि दमट राहून राहून पीयूचं कोटिंग हळूहळू विरघळल्यासारखं चिकट होतं, त्याला एक आंबूस वास येतो. हे एकदा सुरू झालं की कशानेही पूर्वीसारखं होत नाही. त्यामुळे कोणी सेकंडहँड टेंट स्वस्तात देत असेल तर आधी पूर्ण उघडून वास घ्या, फ्लायच्या आतल्या बाजूवर तळहात फिरवा, आणि जरासं जरी चिकट लागलं तर कितीही स्वस्त असू दे, परत करा.