मॅमोग्राफीसाठी सीआर घ्यावं की डीआर?

तालुक्याच्या हॉस्पिटलात मॅमोग्राफीने, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेने, स्तनाच्या कर्करोगाचं स्क्रीनिंग सुरू करायचं ठरलं की टेबलावर दोन कोटेशनं येतात. एक सीआरचं (कंप्युटेड रेडिओग्राफी), बरंच स्वस्त. दुसरं डीआरचं (डायरेक्ट रेडिओग्राफी). मी टेक्निशियन म्हणून दोन्हींवर वर्षानुवर्षं काम केलंय, म्हणून आधीच सांगते: डीआर घ्या. पैसे कमी पडत असतील तर थांबा, पण सीआरवर स्क्रीनिंग सुरू करू नका.

सीआरमध्ये कॅसेट असते. तिच्यातल्या फॉस्फर प्लेटवर एक्स-रे घ्यायचा, मग कॅसेट रीडरमध्ये घालायची आणि लेझरने ती वाचायची. डीआरमध्ये एक्स-रे टिपणारा डिटेक्टर मशीनमध्येच असतो, प्रतिमा काही सेकंदांत समोर येते. विक्रेता सांगेल, 'मॅडम, सीआरचा पिक्सेल ५० मायक्रॉनचा, डीआरचा ७० ते १००.' आकडे खरे आहेत, पण त्यांवर जाऊ नका. प्लेट वाचताना लेझरचा उजेड फॉस्फरमध्ये पसरतो आणि बारीक गोष्टी पुसट होतात. त्यात किरणांचा डोसही सहसा जास्त लागतो. सुरुवातीचा कर्करोग तर पुष्कळदा मिठाच्या कणाहून लहान अशा कॅल्शियमच्या ठिपक्यांवरूनच कळतो.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या स्क्रीनिंगमध्ये हे मोजलं गेलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हजार तपासण्यांमागे डीआरवर ४.९ कर्करोग सापडले, जुन्या फिल्मवर ४.८ आणि सीआरवर ३.४. म्हणजे सीआर फिल्मच्याही मागे पडलं. ज्या बाईचा ठिपका दिसला नाही ती 'सगळं नॉर्मल' असा रिपोर्ट घेऊन निश्चिंत मनाने घरी जाते. माझ्यासाठी हा मुद्दा इथेच संपतो.

सीआरचा रोजचा त्रास वेगळाच. एकदा एका बाईंच्या प्रतिमेत पाच-सहा पांढरे ठिपके दिसले. डॉक्टरांनी पुन्हा घ्यायला सांगितलं. बाई घाबरल्या, पुन्हा स्तनावर मशीनचा दाब सोसला. दुसरी कॅसेट लावली तर ठिपके गायब! पहिली कॅसेट उघडली, प्लेटवर धूळ होती. तेव्हापासून रोज सकाळी प्लेट पुसणं आणि रीडरमध्ये इरेज करणं (तिच्यावर उरलेली प्रतिमा पुसणं) मी कधी चुकवलं नाही.

डीआरला धुळीचा हा त्रास नाही, पण त्याला एसी लागतो. सेलेनियमच्या डिटेक्टरला तापमान सांभाळावं लागतं, रात्री आणि रविवारीसुद्धा. वीज जाणाऱ्या गावात जनरेटर, यूपीएसचा खर्च कोटेशनमध्येच धरा. डिटेक्टर हा मशीनमधल्या सगळ्यात महागड्या भागांपैकी एक. म्हणून नुसती एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) नको, सीएमसी (सुटे भागही धरणारा करार) मागा आणि डिटेक्टर तिच्यात धरलाय हे लेखी घ्या. रिपोर्ट पाहायला ५ मेगापिक्सेलचा मॉनिटरही हवाच, ऑफिसच्या स्क्रीनवर चालत नाही.

सेकंड हँड डीआर मिळत असेल तर? आधी त्यावर फँटमची, म्हणजे स्तनाऐवजी ठेवायच्या चाचणीच्या ठोकळ्याची, प्रतिमा काढून पाहा. अमेरिकेत वर्षानुवर्षं वापरलेल्या एसीआर (अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी) फँटममध्ये ६ धागे, ठिपक्यांचे ५ गट आणि ५ गाठी असतात. त्यांतले किमान ४ धागे, ३ गट आणि ३ गाठी दिसल्याच पाहिजेत. घेतल्यावरही हा फँटम दर आठवड्याला लावा आणि निकाल वहीत लिहा. एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगीचं काम आणि ठरावीक काळाने होणारी क्यूए (गुणवत्तेची) चाचणी दोन्ही मशीनना सारखीच आहे.

पोझिशनिंगला, म्हणजे बाईला आणि स्तनाला मशीनवर नीट ठेवायला, मात्र मशीन मदत करत नाही. तिरप्या प्रतिमेत छातीचा स्नायू निपलच्या पातळीपर्यंत यायला हवा आणि स्तनाखालची घडी उघडलेली दिसायला हवी. बाई खांदा आखडून उभी असेल तर हे जमतच नाही, आधी दोन मिनिटं बोलावं लागतं. किती प्रतिमा पुन्हा घ्याव्या लागल्या ते दर महिन्याला मोजा. ब्रिटनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं.

आणि पैसे जमेपर्यंत? टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित स्त्री कार्यकर्त्यांकडून दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करून घेतली. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या नर्सेसना हे प्रशिक्षण याच वर्षी देता येईल.